दहा मीटरच्या आत

माझी बायको साळूबाई यंदा फेब्रुवारीत गेली. मी तिचं काय केलं ते लिहून ठेवतो. मी लिहिणारा माणूस नाही. चिकलठाण्याच्या एका कंपनीत एकतीस वर्षं प्रेस मशीनवर काढली. जसं घडलं तसं सांगतो.

२००७ च्या दिवाळीत मी रंगीत फोन घेतला. आमच्या शेडमध्ये ब्लूटूथचा तो पहिला नाहीतर दुसरा फोन असेल. त्याआधी गाणं हवं असलं तर मोबाइलच्या दुकानात जाऊन भरून घ्यावं लागायचं. आता एका फोनातलं गाणं दुसऱ्या फोनात जायला लागलं, मधे तार नाही, काही नाही. दहा मीटरपर्यंत चालतं असं सगळे सांगायचे, तरी आम्ही फोनला फोन टेकवूनच उभे राहायचो. पडद्यावरची पट्टी पुढं सरकत असताना कोणी हलायचं नाही. हललं तर सांडेल असं वाटायचं. चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमागं माणसं अशी जोडीजोडीनं उभी असायची. शेजारच्या मशीनवरचा काकासाहेब म्हणायचा, "मोतीराम, लगीन झाल्यापासून बायकोजवळ इतका येळ उभा नाय राहिलो, जेवढा तुझ्याजवळ राहतो."

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी साळूचा थोरला भाऊ सांडू गेला. फुलंब्रीजवळ काळीपिवळी जीप उलटली, त्यात तो होता. साळूचं माहेर सिल्लोडपासून सहा किलोमीटरवर. आईवडील आधीच गेलेले, त्यामुळं माहेर म्हणजे सांडूचंच घर.

आमच्याकडं बायका मयताला हेल काढून रडतात. नुसतं रडणं नसतं ते. गेलेल्या माणसाला हाक मारायची आणि त्यानं काय काय केलं ते त्यालाच सांगत रडायचं. सगळ्यांना जमत नाही. साळूला जमायचं. तिला कोणी शिकवलं नव्हतं, पण तिच्या तोंडून जे निघायचं ते ऐकून परकी माणसंसुद्धा डोळे पुसायची. माहेरच्या गावात कोणी गेलं की बायका आधी विचारायच्या, साळू आली का.

सांडूच्या दहाव्याला वैजापूरहून एक म्हातारी मावशी आली. साळू तिच्या गळ्यात पडली आणि रडायला लागली, तशी सगळी ओसरी गप्प झाली.

"दादा रं, आता कणसं कोण आणील. सिडकोच्या स्टँडवर पोतं घेऊन कोण उतरंल. साळे, मोजून घे, असं कोण म्हणंल. चाळीस म्हणायचास अन् बेचाळीस निघायची रं दादा."

मी भिंतीला टेकून बसलो होतो. खिशातून फोन काढला आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. साळूची धाकटी बहीण सुरतेला आठ दिवसांची बाळंतीण होती, तिला येता आलं नव्हतं. तिला ऐकवू, असं मी मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर फोन नवा होता. माझ्या शेजारी सांडूचा मुलगा शिवराज बसला होता, वीस वर्षांचा, डोकं भादरलेलं. सिल्लोडला एका मोबाइलच्या दुकानात तो कामाला होता, त्यामुळं मी काय करतोय ते त्याला लगेच कळलं. त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. मी दोन मिनिटं चाळीस सेकंद तो आवाज फोनात घेतला.

कामावर परत गेल्यावर काकासाहेबाला ऐकवला. तेव्हा मला अभिमान वाटत होता, हे लपवत नाही. माझी बायको कशी रडते ऐक, असं मी म्हणालो. काकासाहेबाची आई आदल्या वर्षी गेली होती. तो ऐकता ऐकता तोंड फिरवून उभा राहिला. मग म्हणाला, मला दे. मी थोडा विचार केला. दहा मीटर जातंय, जाऊन जाऊन जाईल कुठं. फोनला फोन टेकवला आणि दिलं.

सुरतेच्या बहिणीपर्यंत ते कधी पोचलंच नाही. तिला ते कसं पाठवायचं, हे मला ठाऊक नव्हतं.

पंधरा-वीस दिवसांनी कॅन्टीनमध्ये पलीकडच्या टेबलावर एक जण मोठ्यानं म्हणाला, "दादा रं, चहा कोण आणील." सगळं टेबल हसलं. मला आधी कळलं नाही. मग दुसऱ्यानं सूर लावला, "चाळीस म्हणायचास अन् बेचाळीस निघायची," आणि माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी उठून त्यांच्याजवळ गेलो, काय आहे म्हणून विचारलं. त्यांनी फोन पुढं केला. साळूचाच आवाज होता. कोणीतरी त्याच्याखाली ढोलकी घातली होती.

काकासाहेबानं आईची शपथ घेऊन सांगितलं की त्यानं फक्त मेव्हण्याला दिलं होतं. मेव्हण्यानं त्याच्या शेडमध्ये चौघांना दिलं होतं. मी त्या चौघांकडं गेलो. कोणी माझ्यादेखत पुसून टाकलं, पडदा दाखवला, हात जोडले. एक जण म्हणाला, मी पुसतो, पण माझा साडू पैठणला असतो, त्याच्याकडं गेलंय. आठ दिवस मी जेवणाच्या सुट्टीत हेच करत होतो. तेवीस फोनांतून मी ते पुसायला लावलं. मग एकदा मुकुंदवाडीच्या नाक्यावर, घरापासून दोन गल्ल्यांवर, एका रिक्षावाल्याचा फोन तोच आवाज काढत वाजला. मी त्याला म्हणालो, हे काढून टाक, चांगलं नाही. तो हसला.

"चाचा, ये तो सबके पास है. आप पहचानते क्या इस बाई को?"

मी नाही म्हणालो.

मला एकच भीती होती, हे साळूच्या कानावर पडेल. मी भाजी आणायला तिला जाऊ देईना, कामावरून येताना मीच आणायचो. आठवडी बाजारात नको, गर्दी असते, म्हणायचो. बसनं कुठं जायचं निघालं की मी रजा टाकून तिच्याबरोबर जायचो आणि वाटेत तिच्याशी बोलत राहायचो, कधी नव्हे इतकं. एकदा ती सुरतेच्या बहिणीला फोनवर सांगत होती, "दादा गेल्यापासून ह्यांना माझी लई काळजी वाटती." मी दाराशी चपला घालत होतो. ऐकलं आणि निघून गेलो. तेव्हाच तिला बाजूला बसवून सांगता आलं असतं. ती रागावली असती, दोन दिवस जेवली नसती, आणि मग जेवली असती. इतकं साधं होतं ते.

पुढच्या वैशाखात तिच्या माहेरच्या भावकीत लग्न निघालं. जाऊ नको म्हणायला माझ्याकडं कारण नव्हतं. भर दुपारी पंगत बसली होती. मी पंगतीत होतो, साळू बायकांबरोबर वाढत होती, शिवराज पाणी वाढत होता. नवऱ्या मुलाकडच्या एका माणसाचा फोन वाजला. ढोलकी, आणि मग, दादा रं, आता कणसं कोण आणील. पाच-सहा जण हसले, एकानं पुढची ओळ म्हटली. वाढणाऱ्या बायका मात्र जागच्या जागी थांबल्या. त्या गावातल्या होत्या. आवाज कोणाचा, ते त्यांना सांगावं लागलं नाही.

साळूनं हातातलं वरणाचं भांडं खाली ठेवलं. त्या माणसाजवळ गेली आणि अगदी हळू विचारलं, भाऊ, हे कुठून घेतलं. तो बिचारा खुशीत सांगायला लागला की सिल्लोडला दुकानात भरून घेतलं, लई चालतंय सध्या. तिनं कोणतं दुकान विचारलं. त्यानं सांगितलं. शिवराज कामाला होता तेच.

ती शिवराजसमोर जाऊन उभी राहिली.

"बापाच्या दहाव्याला बसला व्हतास ना रं तू तिथं? तुझ्या बापाच्या नावानं रडले मी. ते दुकानात मांडलंस?"

शिवराजच्या हातात पाण्याचा जग होता. त्यानं तिच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं. मी पंगतीत मांडी घालून बसलो होतो. माझ्या पत्रावळीवर बुंदी वाढलेली होती. तो माझ्याकडं पाहत राहिला, आणि मी बुंदीकडं पाहायला लागलो. त्याची आई सारजाबाई धावत आली. वन्सं, पोरगं असं करणार नाय, त्याला इचारा तरी, असं म्हणाली. सगळे शिवराज काय बोलतो म्हणून थांबले.

तो म्हणाला, "चुकलं, आत्या."

साळूनं त्याला मारलं नाही, शिवी दिली नाही. ती सारजाबाईला म्हणाली, "वहिनी, माझा भाऊ गेला, तवाच माझं माहेर सरलं." मग मंडपाबाहेर जाऊन उभी राहिली. मी हात धुऊन तिच्यामागं गेलो. परतीच्या जीपमध्ये ती माझ्या खांद्याला टेकून बसली होती.

त्यानंतर सतरा वर्षं ती माहेरी गेली नाही. पहिल्या वर्षी शिवराजनं एसटीच्या कंडक्टरबरोबर कणसांचं पोतं पाठवलं, तिनं पोत्याचं तोंड न उघडता ते शेजारी देऊन टाकलं. सारजाबाई दोनदा येऊन गेली. साळूनं चहा केला, समोर ठेवला आणि आत जाऊन बसली. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची. आणि रडणं तिनं बंद केलं. गल्लीत कोणी गेलं, बायका बोलवायला आल्या, तरी ती जायची नाही. आमच्या सायलीच्या लग्नात पाठवणीच्या वेळी पदर तोंडात धरून उभी राहिली. सायली तिच्या गळ्यात पडून म्हणत होती, आई, रड की गं. तिनं मानेनंच नाही म्हटलं.

मी सांगायचं ठरवायचो. दर दिवाळीला ठरवायचो. पण जितकं वर्ष जुनं व्हायचं तितकं सांगणं अवघड व्हायचं. आधी फक्त रेकॉर्डिंग सांगायचं होतं. मग पंगतीत गप्प बसलो ते सांगायचं आलं. मग त्यानंतर गप्प बसलो ते प्रत्येक वर्ष. शिवराजकडं तिनं जसं पाहिलं होतं तसं ती माझ्याकडं पाहील, याची मला भीती होती. तो गावात राहत होता, त्याला ते तोंड रोज बघायचं नव्हतं. मला बघावं लागलं असतं.

दोन वर्षांपूर्वी तिची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मशीनजवळ चार-चार तास बसून आम्ही काहीबाही बोलायचो. यंदा जानेवारीत डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता फार दिवस धरू नका. मी आत आलो तर ती छताकडं बघत होती. म्हणाली, "सांडूच्या पोराला पोरगी झालीय म्हणं. आता शाळंत जात असंल." मी हो म्हणालो. ती म्हणाली, "कोणावर गेली असंल कुणास ठाऊक." सतरा वर्षांत तिनं त्या घराचं नाव काढलं ते तेव्हाच.

सायलीकडं शिवराजचा नंबर होता. तिनं आईला न सांगता मामेभावाशी बोलणं ठेवलं होतं, हेही मला तेव्हाच कळलं. मी फोन लावला. आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामा म्हणतात. शिवराजनं आवाज ओळखला आणि मी काही बोलायच्या आत विचारलं, "मामा, तिला सांगितलं का?"

मी नाही म्हणालो.

"मग मी येऊन काय करू? मला बघून तिला तरास व्हईल नुसता."

मी म्हणालो, आज सांगतो, तू उद्या ये.

दुपारी सायली डबा आणायला घरी गेली तेव्हा मी स्टूल कॉटजवळ ओढलं आणि सगळं सांगितलं. फोन, भिंत, काकासाहेब, तेवीस जण, रिक्षावाला. रिक्षावाल्याला मी ओळखत नाही म्हणालो, तेही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. ती मला मधे थांबवेल असं वाटत होतं, पण तिनं थांबवलं नाही. माझं संपलं. मग तिनं विचारलं,

"लग्नात तुम्ही पंगतीत बसले व्हते ना?"

"व्हय."

"तो चुकलं म्हणाला तवा उठले नाय."

"नाय."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. ती माझ्याशी बोलली ते एवढंच.

दुसऱ्या दिवशी शिवराज आला. आता तो सदतीस वर्षांचा आहे, पुढचे केस विरळ झालेत, अगदी सांडूसारखा दिसतो. त्यानं कॉटच्या कडेला डोकं टेकवलं. तिनं सलाइनचा हात तसाच उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि कितीतरी वेळ काढला नाही. त्यानं मोबाइलवर मुलीचे फोटो दाखवले. मुलीचं नाव संस्कृती. साळू म्हणाली, कपाळ आपलं आहे, नाक मात्र तिच्या आईकडचं दिसतंय. त्यावर तो हसला, तीही हसली. मी दारात उभा होतो. पाण्याची बाटली घेऊन आत गेलो तशी ती बोलायची थांबली. मी बाटली ठेवून बाहेर आलो, तेव्हा आतलं बोलणं परत सुरू झालं.

नऊ दिवस असंच चाललं. सारजाबाई आली, भावकीतल्या बायका आल्या. कोणी आलं की साळू उठून बसायचा प्रयत्न करायची. मी आत गेलो की डोळे मिटायची. औषधाची वेळ झाली तर सिस्टर मला सांगायच्या, मी सायलीला सांगायचो, सायली तिला द्यायची. मी तिला पाणी देऊ का म्हणून विचारलं की ती सायलीकडं बघायची. मग मी वॉर्डाबाहेरच्या बाकावरच बसायला लागलो.

तिथं एकदा शिवराज दोन चहा घेऊन आला आणि शेजारी बसला. मी विचारलं, तू तेव्हा माझं नाव का नाही घेतलंस. त्यानं चहा फुंकून एक घोट घेतला.

"नाव घेतलं असतं तर आत्या तुमच्या घरात राहिली असती का मामा? सायली बारा वर्षांची. माहेरी माझा बाप नाय. गेली असती कुठं?" मग म्हणाला, "अन् दुकानात ते वाजत व्हतं, ते मी बंद करू शकलो नाय, तेवढी माझीबी चूक व्हतीच. मला वाटलं, महिनाभरात तुम्हीच सांगाल. मग वाटलं, दिवाळीपर्यंत सांगाल. कणसं पाठवली तवा वाटलं, आता तरी."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला उत्तर देता आलं असतं. त्यानं कप माझ्या हातातून घेतला आणि दोन्ही कप टाकायला गेला.

साळू दहाव्या दिवशी सकाळी गेली. सायली आणि शिवराज आत होते, मी बाकावर होतो. घरी आणल्यावर माहेरचं हिरवं लुगडं सारजाबाईनं तिच्या अंगावर घातलं. ते त्यांनी आदल्या दिवशीच सिल्लोडहून आणून ठेवलं होतं, मला सांगितलं नव्हतं. तिला माहेर परत मिळालं, एवढं माझ्या हातून झालं, असं मी कधी कधी स्वतःला सांगतो. पण ते माझ्याकडंच अडकून पडलं होतं. मी फक्त दिलं, तेही नऊ दिवस उरले तेव्हा.

तेरावा झाल्यावर सायली सासरी परत जायला निघाली. बॅग भरता भरता माझ्याकडं न बघता म्हणाली की शेवटच्या दिवशी पहाटे आईनं विचारलं होतं, ह्यांनी काही खाल्लं का. मी म्हणालो, मग तू काय सांगितलंस. ती म्हणाली, मी सांगितलं की बाहेर बसलेत, काही खात नाहीत. आई त्यावर काही बोलली नाही.

सायली माझी एकुलती एक मुलगी. मी दोन आठवडे धड जेवत नव्हतो, ते ती बघत होती. बापानं दोन घास खावेत म्हणून ती असं बोलू शकते. साळूनं खरंच विचारलं असेल तर त्या नऊ दिवसांत निदान एकदा तिच्या मनात मी होतो. नसेल विचारलं, तर नव्हतो.

शिवराज तेव्हा कॉटजवळच होता. तो दर रविवारी मला फोन करतो, जेवलात का म्हणून विचारतो. मी विचारलं तर तो खरं तेच सांगेल. मी अजून विचारलेलं नाही.